एकशे सतरा नंबरचा फॉर्म

पुण्याहून आलेलं पाकीट बेबीनंदानं मंठ्याच्या पोस्टातच फोडलं. आत एकतीस फॉर्म होते, आणि ते एकतीसही महिन्यापूर्वी, घरोघरी एकदा खात्री करून, तिनंच दुसऱ्यांदा पाठवलेले होते. प्रत्येकावर तेविसाव्या प्रश्नाभोवती लाल पेन्सिलीचा गोल होता आणि गोलाच्या बाजूला एकच शब्द: विसंगत. एकतीस वेळा विसंगत लिहायला पुण्यात फॉर्म तपासणाऱ्या पोरीला किती वेळ लागला असेल, याचा हिशेब तिनं उगाच मनात केला. मग फॉर्म पिशवीत कोंबले आणि बाहेर येऊन चहा मागवला. साल नव्याण्णव, जानेवारीचा दुसरा आठवडा. कामाची मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती.

काम पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं होतं. डॉक्टरांना ग्राहक कायदा लागू झाला. आता उपचारात चूक झाली तर रोगी डॉक्टरला जिल्ह्याच्या ग्राहक मंचात खेचू शकत होता. या भीतीनं डॉक्टर बदलले का, आणि बदलले असतील तर सगळ्या रोग्यांशी सारखेच बदलले का, हे संस्थेला मोजायचं होतं. विषय चांगला होता. भोकरदनच्या शाळामास्तराची पोर, समाजकार्याची पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलेली, तिला तर तो फारच चांगला वाटला होता. जाहिरात वाचून तिनं त्याच दिवशी अर्ज टाकला होता.

पद्धत अशी होती. आधी खासगी दवाखान्याचं रजिस्टर बघायचं, त्यातून अवघड झालेले रोगी निवडायचे, मग त्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरायचा. तेविसावा प्रश्न होता, 'रुग्ण दवाखान्यातून कसा बाहेर पडला?' एक, बरा होऊन. दोन, डॉक्टरांनी दुसरीकडे पाठवलं. तीन, नातेवाइकांनी स्वखुशीने नेलं. चार, मृत्यू. घरचं उत्तर आणि रजिस्टरातली नोंद जुळली पाहिजे. जुळली नाही तर फॉर्म परत. 'घरी पुन्हा भेट देऊन खात्री करून घ्यावी.' तीनदा जुळला नाही तर फॉर्म बाद, म्हणजे मोजणीतच नाही.

घरी पुन्हा जाऊन. दवाखान्यात पुन्हा जाऊन खात्री करा, असं त्या सूचनांच्या चोवीस पानांत कुठंही लिहिलेलं नव्हतं. तिनं दोनदा शोधलं होतं.

एकतीसही फॉर्म एकाच दवाखान्याचे होते, अप्पाराव डॉक्टरांच्या. एकतीसही घरं एक तर बौद्धवस्तीतली, नाही तर तांड्यावरची, नाही तर गावाच्या कडेची. घरचे म्हणत होते, डॉक्टरांनी पाठवलं. रजिस्टर म्हणत होतं, स्वखुशीने नेलं. खाली प्रत्येक ठिकाणी अंगठा.

तिनं बाजारपेठेतल्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, फोनवर नेहमीसारखेच सौम्य होते.

"बेबीनंदा, लोकांची आठवण दगा देते. कागद त्या वेळचा असतो."

"सर, घरातलं माणूस कसं गेलं ते लोक विसरत नाहीत."

"गेलं हे विसरत नाहीत. कुणी काय सांगितलं, कुणी ठरवलं, हे मागाहून बदलतं. याला स्मरणदोष म्हणतात. शास्त्रच आहे ते."

"एकतीस घरांना एकच स्मरणदोष कसा होईल, सर?"

"म्हणूनच तर खात्री करायची," सर म्हणाले. "जा पुन्हा एकदा. नीट विचार. त्यांना सूचक प्रश्न विचारू नकोस."

मीटरवर एकोणचाळीस रुपये झाले होते.

तिसऱ्या फेरीत काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. लोक तिला बघून वैतागले. एका म्हाताऱ्यानं दारातच विचारलं, "बाई, मागच्या बारीला सांगितलं ते खोटं वाटलं का?" ती म्हणाली, खोटं नाही, पण दवाखान्याच्या रजिस्टरात वेगळं आहे. रजिस्टरात आहे म्हणजे सरकारात आहे, असं लोकांना वाटे. आणि ही बाई रजिस्टर बघून येते, म्हणजे डॉक्टराकडं हिचं जाणं-येणं आहे. मग कुणीतरी घसा साफ करून म्हणायचं, "रजिस्टरात काय लिवलंय? मंग तेच लिवा. आपल्याला काय करायचंय."

अशी एकोणीस घरं तिनं 'दुरुस्त' केली. अकरा घरं मात्र हटली नाहीत.

त्याच फॉर्ममध्ये एकतिसावा प्रश्न होता, 'डॉक्टरांच्या सेवेबद्दल आपण कितपत समाधानी आहात?' इथं तर आणखी तऱ्हा. ज्या घरातलं माणूस गेलं ते घर म्हणायचं, डॉक्टर देवमाणूस हाय, पूर्ण समाधानी. आणि बी-बियाणांच्या दुकानाचे मालक, ज्यांच्या मुलीला त्याच दवाखान्यात आठ दिवस ठेवलं होतं, जिच्यासाठी जालन्याहून भूल देणारे डॉक्टर मोटारीनं आणले होते, रक्ताच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, जी आता बाळ घेऊन माहेरी हिंडत होती, ते म्हणाले, "असमाधानी लिहा. खोलीतला पंखा रात्रभर खडखड करीत होता." बेबीनंदानं लिहिलं. आकडे असेच पुण्याला जाणार होते आणि तिथं कुणीतरी त्यांची सरासरी काढणार होतं. त्या सरासरीप्रमाणे मंठा तालुक्यात गरीब सुखी होते आणि श्रीमंतांवर अन्याय होत होता.

उरला एकशे सतरा नंबर. तो तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तळणीच्या रस्त्यावर आठ किलोमीटरवर फाटा, फाट्यापासून पायी वीस मिनिटं. कचरू आणि साळूबाईचं घर बौद्धवस्तीत विहाराच्या मागं होतं. दीड वर्षापूर्वी त्यांची थोरली सून दुर्गा बाळंतपणाला अप्पाराव डॉक्टरांकडं गेली होती. मूल झालं, पण रक्त थांबेना. जालन्याला नेताना वाटूर फाट्याच्या अलीकडं जीपमध्येच ती गेली. मूल आठवडाभरानं गेलं. थोरला मुलगा त्यानंतर जालन्यात स्टीलच्या कारखान्यात लागला, तो गावी फारसा येत नव्हता.

साळूबाई अंगणात तुरी पाखडत होती. बेबीनंदा दिसल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"जयभीम, मावशी."

"जयभीम. आलीस का तू पुन्हा? तुझ्या पुण्याच्या लोकायला दुसरा धंदा न्हाई का गं?"

"न्हाई, मावशी. तोच धंदा हाय त्यायचा."

"बस. कांता, पाणी आण."

धाकटी सून कांता पाणी घेऊन आली. दिवस भरत आले होते. तांब्या देताना एका हातानं कमरेला धरून ती उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. बेबीनंदानं फॉर्म काढला आणि तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. सूचक न विचारता.

"किती डाव सांगू?" साळूबाई म्हणाली. "डॉक्टरच बाहेर आल्ता. म्हणला, माझ्या हातात न्हाई, जालन्याला न्या, जल्दी. कंपाउंडरनं जीप बोलावली. आम्ही म्हणत होतो, साहेब, हितंच बघा काय व्हतंय ते. तर म्हणला, टाइम घालवू नका. स्वखुशीनं कोण नेतंय बाळंतीण बाईला जीपमधी?"

"मग अंगठा कुणी दिला, मावशी?"

"म्याच दिला आसंल. जिथं जावं तिथं अंगठा मागतेत."

"जीपमध्ये घालायच्या आधी दिला का? आठवतं का?"

साळूबाईनं सूप पुन्हा उचललं. "न्हाई. तव्हा कुठं टाइम होता. तव्हा तर मी तिचे पाय धरून होते." मग एकदम म्हणाली, "अगं, ते आधीच घेतेत. नाव नोंदायला गेलं की. एकदा घेतला की पुन्हा घ्यावा लागत न्हाई, म्हणला कारभारी."

कारभारी म्हणजे दवाखान्याचा कंपाउंडर. बेबीनंदानं पेन खाली ठेवलं.

"कांताचं नाव नोंदवलं का तिकडं?"

"मागच्या बाजाराला नोंदवलं. नर्सबाई म्हणली, लेकरू आडवं हाय, पोट फाडावं लागंल, दवाखान्यातच न्या."

"कागद आहे का?"

खुंटीला लटकवलेल्या पिशवीत रेशनकार्डासोबत कागद होता. साळूबाईनं तो दोन्ही हातांनी आणून दिला. वर कांताचं नाव, वय एकवीस, पहिलंच बाळंतपण. मध्ये सगळं कोरं. आणि खाली निळ्या शाईत रबरी शिक्का: 'रुग्णास नातेवाईक स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहेत. डॉक्टरांविरुद्ध तक्रार नाही.' त्याखाली साळूबाईचा अंगठा. तारखेची जागा कोरी.

कांता आत चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. कागदाप्रमाणे तिला दवाखान्यातून स्वखुशीने नेऊन झालं होतं.

बेबीनंदानं शिक्का मोठ्यानं वाचून दाखवला. कचरू गोठ्याकडून आला होता, त्यानंही ऐकलं. साळूबाईनं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला, जणू मागच्या बाजूला वेगळं काही असेल.

"म्हंजी हिलाबी पाठवणार हाय का तो?"

"पाठवीलच असं नाही, मावशी. पण पाठवलं तर कागद तयार आहे."

"काका," बेबीनंदा कचरूकडं वळली, "आताच जालन्याला सरकारी दवाखान्यात नेऊन ठेवू. मी येते सोबत."

"त्या रस्त्यानं मी दुसरी सून न्हेणार न्हाई," साळूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पयली न्हेलती तिकडंच."

कचरू म्हणाला, "पोरी, तुझी त्या दवाखान्यात वट हाय. तूच बोल डॉक्टराशी. आमचं काय ऐकतो तो."

वट. तिला हसू यायला हवं होतं. तिला दवाखान्यात बसायला स्टूल मिळत होतं, एवढीच तिची वट. पण कागद पिशवीत घालून ती निघाली.

अप्पाराव डॉक्टर दुपारची ओपीडी उरकून जेवणाच्या डब्यासमोर बसले होते. पन्नाशीचे, कपाळावर कायम आठ्या असलेले गृहस्थ. मंठ्यात सिझेरियन करणारे तेवढे एकच. बाकीचे अवघड बाळंतपणाला हातच लावत नसत.

"बसा," ते म्हणाले. "तुमचं सर्वेक्षण संपणार की नाही या जन्मात?"

तिनं कांताचा कागद टेबलावर ठेवला. "सर, ही पेशंट अजून ॲडमिटही झाली नाही."

डॉक्टरांनी कागद बघितला. मग कारभारीला हाक मारली. कारभारी दारात येऊन उभा राहिला.

"हे काय आहे?"

"साहेब, तुम्हीच म्हणलेले. अंगठेवाल्यांचं आधी घेऊन ठेव, येन टायमाला गडबड होती म्हणून."

"सही करणाऱ्यांचं पण घेता का आधी?" बेबीनंदानं विचारलं.

"त्यायचं कसं घेणार? ते वाचतेत ना," कारभारी म्हणाला. त्याच्या आवाजात कसलीच लबाडी नव्हती. बाई एवढी शिकलेली असून असं काय विचारते, एवढंच नवल होतं.

डॉक्टरांनी त्याला हातानं बाहेर घालवलं. थोडा वेळ ते डब्याचं झाकण फिरवत राहिले. मग कपाटातून एक जाड फाइल काढून तिच्यासमोर टाकली.

"तीन वर्षं चालली ही केस. पेशंट बरी होऊन गेली होती. टाका पिकला म्हणून नोटीस. जालन्याला बावीस तारखा. प्रत्येक तारखेला ओपीडी बंद. शेवटी मी सुटलो, पण ती तीन वर्षं कोण देणार परत? नोटीस आली त्याच महिन्यात शिक्का केला. तुम्ही म्हणाल वाईट आहे. असेल."

"तुमच्यावर केस करणारे कोण होते, सर?"

"कापसाचे व्यापारी."

"मग शिक्का अंगठेवाल्यांवर का?"

डॉक्टर चिडतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांचा आवाज उलट थकल्यासारखा आला.

"तुम्हाला खरं ऐकायचंय का? इथं रक्तपेढी नाही. भूल देणारा दीड तासावर. सगळ्यांसाठी मी धोका पत्करू शकत नाही. जो कोर्टात जाऊ शकतो, त्याला ठेवून घेतो. त्याला पाठवलं तर, का पाठवलं म्हणून उद्या तो विचारील. जो जाऊ शकत नाही त्याला पाठवतो. तो विचारत नाही."

दीड वर्ष पुण्याची संस्था जे मोजत होती ते या माणसानं अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं. आणि बेबीनंदाच्या पिशवीतल्या फॉर्ममध्ये डॉक्टर काय म्हणाले ते लिहायला रकाना नव्हता. चौऱ्याऐंशी प्रश्न होते. घरात संडास आहे का, रेडिओ आहे का, हेही होते.

"ही पोर ठेवून घ्या, सर," ती म्हणाली. "मूल आडवं आहे. तिला पाठवू नका."

"त्या घरात तुम्ही तिसऱ्यांदा गेलात. गाव लहान आहे, मला कळतं. थोरल्या सुनेच्या फॉर्मात काय लिहिलंय तुम्ही?"

तिनं फॉर्मची पिशवी मांडीवर ओढली.

"मी तुम्हाला दोष देत नाही. पण असं बघा. एका बाजूनं ते घर माझ्याविरुद्ध कागद तयार करणार, आणि दुसऱ्या बाजूनं त्याच घरची अवघड केस मी टेबलावर घेणार. कुठला डॉक्टर घेईल? तुमच्या फॉर्ममध्ये रजिस्टर बरोबर आहे असं आलं, तर मी आज जालन्याला फोन करून भूलतज्ज्ञांची तारीख घेतो. हिला ठेवून घेतो. हा कागद फाडतो. माझा शब्द."

"आणि नाही आलं तर?"

"तर मी तिला आत्ताच सांगीन, जालन्याला जा. तेही खोटं सांगणार नाही."

परत जाताना तिला एसटी मिळाली नाही. उसाच्या ट्रॅक्टरवर फाट्यापर्यंत आणि पुढं चालत गेली. रस्ताभर ती चिडत होती, आणि कुणावर चिडावं हे ठरत नव्हतं. डॉक्टरवर चिडावं तर तालुक्यात पोट फाडून मूल काढणारा तेवढा एकच माणूस. सरांवर चिडावं तर ते शास्त्राप्रमाणं बोलत होते. कारभारीवर चिडण्यात तर अर्थच नव्हता. शेवटी ती फॉर्मवर चिडली, कारण तो हातात होता.

साळूबाईनं सगळं ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "ठिवून घेतो म्हणला? भूलवाला आणतो म्हणला?"

"शब्द दिला."

"मंग लिव स्वखुशीनं."

"मावशी, दुर्गाचं खरं काय झालं ते या एकाच कागदावर आहे. दुसरीकडं कुठंच नाही."

"दुर्गा गेली, माय. तिला कागद काय करायचा?" साळूबाईनं आतल्या बाजूला मान केली. "हिला लागतो. लिव. आन बराबर लिव, पुन्हा खेपा घालू नको."

बेबीनंदानं 'दोन' खोडून 'तीन' केला. फॉर्मच्या शेवटी माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा लागत असे. तिनं शाईचं पॅड काढलं. साळूबाईनं न विचारता अंगठा पुढं केला. सवयच होती. बेबीनंदानं तिचा हात धरून तो कागदावर टेकवला, आणि हे काम कारभारीपेक्षा आपण नीट करतो, एवढं तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दाखवलेला फॉर्म बघून डॉक्टरांनी कांताचा कागद फाडला, आणि पुढं शब्दही पाळला. चार फेब्रुवारीला, गुरुवारी सकाळी कांताला कळा सुरू झाल्या. पुंजाराम, तिचा नवरा, मोटारसायकल मागून आणून तिला घेऊन दवाखान्यात पोचला. अकराला जालन्याहून भूल देणारे डॉक्टर आले. साडेबाराला मुलगी झाली. दवाखान्यात कुणीच काही वेगळं घडल्यासारखं वागलं नाही. कारभारीनं पेढे खाल्ले. अप्पाराव डॉक्टर रोज दोनदा खाटेपाशी येऊन टाके बघून जात. दहाव्या दिवशी कांता घरी आली. म्हणजे करता येत होतं. दुर्गाच्या वेळीही हे सगळं करता येत होतं, जालना तेवढंच लांब होतं. हा विचार बेबीनंदाच्या डोक्यातून जाईना.

मुदत संपायला आठ दिवस उरले तेव्हा ती पुन्हा गावात गेली. साळूबाई नातीला पायावर घेऊन तेल लावत होती. पोर रडून आकाशपाताळ एक करत होती आणि आजी तिला शिव्या देत हसत होती.

"आलीस का? आता काय राह्यलं?"

"मावशी, कांता घरी आली. आता फॉर्म खरा करू का? दुर्गाचा. अजून पाठवला नाही मी."

साळूबाईचा हात थांबला नाही. पोरीची तंगडी ओढून तिनं तेल चोळलं. मग म्हणाली, "हिला ताप आला तर कुठं न्यायची?"

बेबीनंदानं अर्धा बाहेर काढलेला फॉर्म परत पिशवीत सरकवला.

"ह्यायला ऊन लागलं तर? कांताला दुसरं राह्यलं तर? एक डाव पोट फाडल्यावर दुसऱ्या डावालाबी फाडावं लागतंय म्हणतेत." तिनं पोर उलटी केली. "तुझ्या लिवण्यानं मंठ्यात दुसरा डॉक्टर येईल का? खरं सांग."

"न्हाई येणार, मावशी."

"मंग ऱ्हाऊ दे. च्या घेऊन जा."

चहा घेताना तिला कळलं की ही गोष्ट बाळंतपणापुरती नव्हती. कांता घरी आली की मोकळं होता येईल, असं तिनं धरलं होतं. या घराला डॉक्टर लागणार नाही असा दिवस कधी येणारच नव्हता. त्या एकोणीस घरांनाही नाही. ज्यांना खरं सांगणं परवडेल असे लोक शोधत ती हिंडत होती, आणि ज्यांना ते परवडत होतं त्यांचा पंखा खडखडत होता.

त्या रात्रीची वाट न बघता तिनं मंठ्याला पोचल्याबरोबर पोस्टाच्या बाकावर बसून पत्र लिहिलं. अकरा फॉर्म तिसऱ्यांदाही विसंगत, ते जसेच्या तसे लावले. वीस फॉर्म सुसंगत, तेही लावले. एकशे सतरा त्यातच. आणि वर पत्र:

'रजिस्टरशी जुळवून दुरुस्त केलेल्या वीस फॉर्मपैकी निदान एक मी खोटा आहे हे माहीत असताना भरला आहे. तो कोणता हे मी सांगणार नाही, कारण त्या घराला पुन्हा त्याच दवाखान्यात जायचं आहे. दवाखान्यात अंगठा लावणाऱ्यांकडून 'स्वखुशीने नेले' हा कागद रोगी दाखल होण्याआधीच घेतला जातो. असा एक कोऱ्या तारखेचा कागद मी स्वतः बघितला. तो आता फाडलेला आहे. सही करणाऱ्यांकडून असा कागद आधी घेत नाहीत. माझ्या मते जुळत नाही हीच आपल्या प्रश्नाची मोजणी आहे, आणि आपण ती दुरुस्त करत आहोत.'

पाकीट रजिस्टर पोस्टानं गेलं. चौथ्या दिवशी बूथवाल्यानं तिला निरोप पाठवला की पुण्याहून फोन आला होता, पाच वाजता पुन्हा येणार आहे. ती पावणेपाचला जाऊन बसली.

"अकरा बाद करावे लागतील, ते ठीक आहे," सर म्हणाले. आज ते सौम्य नव्हते. "पण हे पत्र काय आहे? कोणता फॉर्म?"

"ते नाही सांगणार, सर."

"अगं, एकच ना? तो एक काढून टाकतो. विषय संपला."

"निदान एक, असं लिहिलंय मी."

"म्हणजे किती?"

"मला एक नक्की माहीत आहे. बाकीच्या एकोणिसांत किती ते त्या घरांना माहीत आहे, आणि ते मला सांगणार नाहीत."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "मग मी या विसांचं करू काय? घेऊही शकत नाही, टाकूही शकत नाही. वीस आणि अकरा टाकले तर त्या दवाखान्याचे फक्त सही करणारेच उरतात."

"हो, सर."

"तसा अहवाल कसा देणार?"

"नका देऊ."

सर म्हणाले, "तुझा करार याच महिन्याचा आहे, हे लक्षात आहे ना? पुढच्या टप्प्याला मला विश्वासाची माणसं लागतील."

"लक्षात आहे."

"आणि तरी सांगणार नाहीस."

"नाही. तुम्हाला खात्री करायची असेल तर दवाखान्यात माणूस पाठवा, सर. बरे होऊन गेलेल्या अंगठेवाल्यांचे कागद मागा. त्यांच्यावरही शिक्का निघेल. घरांच्या खात्र्या तीन-तीनदा झाल्या."

"रजिस्टरची खात्री करायची तरतूद आपल्या पद्धतीत नाही, बेबीनंदा."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.